खांबावरचा फोटो आणि खालची घंटा

मिल्या,

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं तुला शिव्या देत देत ऐकता येईल. तुझ्या फोटोला मी कुंकू लावलं.

नुसतं कुंकू नाही. झेंडूचा हार, उदबत्ती, समोर नारळ, तबकात अक्षता. कारखान्यातल्या तुझ्या शोकसभेची तयारी माझ्याकडं होती आणि खंडेनवमीला आपण मशिनची पूजा मांडतो तशी मी ती मांडली. तुझ्या घरात हे काही चालत नाही, हे मला पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षापासून माहीत. तुझ्या लग्नात बुद्धवंदना चालू असताना मी पहिल्या रांगेत बसून भलत्याच ठिकाणी जोरात ‘साधु साधु’ म्हणालो होतो आणि तुझ्या मामांनी वळून बघितलं होतं. तरी त्या दिवशी हात आपोआप करंड्याकडं गेला. सुजाता वहिनी आल्या, फोटोसमोर उभ्या राहिल्या, पर्समधनं रुमाल काढला आणि काचेवरचं ते लाल बोट पुसलं. रुमालाची घडी घातली, लाल बाजू आत, आणि पर्समध्ये ठेवून दिला. मी शेजारी करंडा धरून उभा. तो कुठं ठेवावा ते कळेना म्हणून पँटच्या खिशात घातला. झाकण सैल होतं. त्या पँटचा खिसा अजून लाल आहे, आणि घरी कुणी विचारलं तर मी ‘ग्रीस’ म्हणतो.

हसलास ना? हसून घे. पुढं जे आहे त्यात तुला हसू यायचं नाही.

हे पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्याला आपल्या घंटेचं माहीत नसेल, म्हणून तुला पाठ असलेलंच थोडं सांगतो. आपला कारखाना एमआयडीसीतला. फाउंड्रीतनं बिडाची ओतीव हौसिंग येतात, म्हणजे ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची बाहेरची कवचं. ती मशिनवर घासायची, भोकं पाडायची, तपासायची आणि पुण्याला पाठवायची. मालकांनी तुला ट्रेनिंगला पुण्याला धाडलं आणि तू ‘लीन’ नावाचं काहीतरी घेऊन आलास. पहिल्याच सकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलंस, की ज्या कामानं गिऱ्हाइकाला काही मिळत नाही ते काम काढून टाकायचं. वाट बघणं, शोधाशोध, उगाच साठवून ठेवणं, चुकीचा माल करणं. तपासणीवरची शोभा मागनं म्हणाली, “लीन म्हंजे वाकून करायचं काय, सायेब? कंबर दुखती आमची.” सगळ्यात मोठ्यानं तू हसलास. माझ्या डोळ्यांसमोर तू येतोस तो त्या सकाळचा.

मग लाल चिठ्ठ्या आल्या. जे वापरात नाही त्याला चिठ्ठी लावायची, कुणालाच लागलं नाही तर बाहेर काढायचं. मी तेव्हा स्टोअरचा राजा. मी अशा उत्साहात चिठ्ठ्या लावल्या, की मालकांच्या वडिलांनी घेतलेल्या पहिल्या लेथलासुद्धा लावली आणि भंगारवाल्याचा टेम्पो बोलावून बसलो. तो तू फाटकात अडवलास. त्याच दिवशी संध्याकाळी मी ऐटीत घरी गेलो, वाटेत चार लोकांशी बोललो, दूध घेतलं. दारात बायकोनं पाठीवरची चिठ्ठी काढून वाचली: ‘वापरात नाही. जागा अडते. विल्हेवाट लावावी.’ ती म्हणाली, “अक्षर कुणाचं का असेना, माणूस हुशार हाय.” ते अक्षर तुझं होतं का, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि मग मला चिडायला लागलं असतं.

आणि घंटा. तू मला सांगितलं होतंस, मधल्या खांबावर दिवा लाव, लाल, बटणाचा. ज्याला काही वावगं दिसेल त्यानं बटण दाबायचं, काम थांबवायचं. मी दिव्याची किंमत ऐकली, वायरिंगची ऐकली, आणि बाजारातनं पितळी घंटा घेऊन आलो, देवळात टांगतात तसली, साखळीची. तू ती हातात घेऊन वळवून वळवून बघितलीस. “आता आरतीबी चालू कर,” म्हणालास. पण टांगलीस. “आवाज येतोय न्हवं, बास.”

घंटा वाजली की तू हातातलं ठेवून यायचास. पळत नाही, चालत. आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. “बरं केलंस. काय दिसलं?” काही नसलं, नुसता भास असला, तरी तेच. मला ते नाटकी वाटायचं. एकदा मी म्हणालोसुद्धा, की भास झाला म्हणून मशीन बंद पाडणाऱ्याची आरती कशाला ओवाळायची? तेव्हा तू मला तुझ्या आत्तीची गोष्ट सांगितलीस.

“आमच्या शिरोळकडं पूर आला की पाणी पायरीला लागल्याचं पयल्यांदा आत्तीला दिसायचं. ती वरडायची, समदी उठायची, निम्म्या वेळा काय नसायचं. एकदा आज्जा तिच्यावर खेकसला, उगा झोप मोडती म्हणून. पुढच्या पुरात ती गप बसली. आमची म्हस दावणीलाच बुडाली, सर्ज्या. तवापास्नं आत्ती कवाबी वरडली तरी आज्जा म्हणायचा, बरं केलंस.”

मी मलकापूरचा, डोंगरातला. पुराची गोष्ट मला गोष्टीसारखी वाटली. मी म्हणालो, “म्हस इन्शुरन्सची होती काय?” तू हसलास, पण कमी हसलास.

मग तू आजारी पडलास आणि तुझं काम मालकांनी मला दिलं. तुला खुर्ची कधी नव्हतीच, तू दिवसभर मशिनींमधनं हिंडायचास. मी पहिल्यांदा खुर्ची मागवली, चाकाची. मग काचेची केबिन करून घेतली, सगळं दिसावं म्हणून. बाकी काही बदललं नाही, मिल्या, शपथ. सकाळी उभ्यानं मीटिंग, पाट्या, जमिनीवरचे पिवळे पट्टे, हत्यारांच्या बोर्डावर प्रत्येक पान्याची रंगवलेली आकृती, सगळं जागच्या जागी. पाहुणे यायचे, फोटो काढायचे. मी पुढं, हात मागं बांधून. मला वाटलं, लीन म्हणजे हे.

आणि घंटा वाजायची थांबली. मला काय आनंद झाला! एक अख्खा महिना घंटा वाजली नाही तेव्हा मी बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘घंटामुक्त महिना’, आणि सगळ्यांना पेढे वाटले. उरलेले घेऊन दवाखान्यात आलो. तू उशीला टेकून बसला होतास, मनगटाला सुई. पेढा हातात घेतलास, कशाचा म्हणून विचारलंस, मी सांगितलं. तू पेढ्याकडं बघत राहिलास.

“शेवटची कुणी वाजवली?”

“आरं, वाजलीच न्हाई म्हणून तर पेढे.”

“त्याच्या आधी. शेवटची. कुणी वाजवली आणि तू काय म्हणालास?”

मला माहीत नव्हतं. आणि माहीत नाही म्हणायच्या ऐवजी मी चिडलो. तुला सुई टोचलेली, ओठ सुकलेले, आणि मी तुझ्याशी भांडलो. म्हणालो, मी तुझ्यासारखा संत न्हाई, मला गाड्या सोडायला लागत्यात. म्हणालो, तुला बघवत न्हाई काय, तुझ्याशिवाय बरं चाललंय ते? हे वाक्य माझ्या तोंडातनं गेलं. वहिनी खिडकीपाशी सफरचंद कापत होत्या, त्यांचा हात थांबला.

तू पेढा परत डब्यात ठेवलास. “मला बघवतंय. ऐकू येत न्हाई, एवढंच. विचारून ये जा.”

“येतो रविवारी,” मी म्हणालो.

रविवारी मी मलकापूरला पाहुण्यांच्या लग्नाला गेलो. जायलाच पाहिजे असं लग्न नव्हतं. मी कुणालाच विचारलं नव्हतं, म्हणून गेलो. पुढच्या रविवारची वाट तू बघितली नाहीस.

शोकसभेत मी बोललो. मला बोलता येतं, तुला माहीत आहे. लोकांना रडवलं, मधे हसवलंही. शेवटी हात वर करून म्हणालो, “मिलिंदची घंटा ह्या कारखान्यात कायम वाजत राहील!” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या घेतलेला माणूस आहे मी. त्याच भरात तुझा फोटो मधल्या खांबावर लावून टाकला, घंटेच्या बरोबर वर. हार इतका मोठा होता की साखळीवर लोंबायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजली. केबिनमधनं उठून धावलो. “काय झालं? काय झालं?” लेथवरचा बाबू चपला काढून उभा, डोळे मिटलेले. “काय न्हाई सायेब. नमस्कार केला.” त्याच्या मागचा आला, त्यानं वाजवली, तो गेला. मग त्याच्या मागचा. पाळी बदलताना रांग लागायची. शिपाई रोज सकाळी उदबत्ती लावायला लागला. कुणीतरी घंटेवरही कुंकवाचं बोट ओढलं, तेवढं तरी मी ओढलेलं नाही. मला राग यायला पाहिजे होता. मला गहिवरून आलं. बघ म्हटलं, मिल्या, वाजते आहे की नाही कायम?

आता तो दिवस. दुपारी गाडी भरून उभी, पुण्याचा माणूस फोनवर, माझा आवाज चढलेला. घंटा वाजली. बराच वेळ वाजली. काचेतनं बघितलं तर शोभा साखळी ओढत होती, तोंड माझ्याकडं. मी फोनवर म्हणालो, “थांब जरा, मिल्याला नमस्कार करतोय.” आणि डावा हात फोनला, उजवा छातीला लावून, डोळे मिटून, मान खाली घातली. डोळे उघडले तेव्हा ती तशीच बघत होती. मग तिनं साखळी सोडली. मी मान डोलावली, म्हणजे चांगली भक्ती आहे तुझी, अशा अर्थानं. गाडी गेली.

तो सगळा माल परत आला. बेअरिंग बसतं त्या भोकात ओरखडे. कापणाऱ्या हत्याराचं टोक तुटलं होतं आणि तुटक्या टोकानं आपण सकाळपासून माल केला होता. मालक मला जे बोलले ते बोलले. मी खाली आलो आणि सगळ्यांना गोळा केलं, तुझ्याच खांबापाशी, तुझ्याच फोटोखाली, आणि ओरडलो, “घंटा कशाला टांगलीय ही? शोभेला?”

“शोभेनंच वाजवली,” शोभा म्हणाली.

“कवा?”

“तुमी नमस्कार केलासा तवा.”

कुणाला तरी हसू फुटलं. मलाही फुटलं, खोटं कशाला बोलू, अशा वेळी माझं तोंड माझं ऐकत नाही. पण ती हसली नाही. मग मला दवाखान्यातला तू आठवलास, आणि मी खाली आवाजात विचारलं, “त्याच्या आधी कवा वाजवली होतीस?”

“सायेब दवाखान्यात गेलं त्याच आठवड्यात. बिडाला चीर गेलीया असं वाटलं. चीर नव्हती, साच्यातल्या वाळूची रेघ होती. तुमी आलासा. ‘आता काय तुझं?’ म्हणालासा. मग रेघ बघितलीसा आणि समद्यांच्या म्होरं म्हणालासा, ‘शोभे, चष्मा लाव, न्हाईतर हुपरीला बसून पैंजण कर.’ समदी हसली. मीबी हसलो.”

“मग?”

“मग काय? चष्मा लावला.”

मिल्या, तो विनोद मला आठवत होता. घरी जाऊन बायकोला सांगितला होता मी तो. तिच्या घरात सगळी पैंजणं करतात, म्हणून किती नेमका बसलाय, असं सांगितलं होतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच तोंडात होतं आणि मी ते चांगली कोटी म्हणून जपून ठेवलं होतं. शेवटची घंटा शोभानं वाजवली आणि मी ती हसून बंद केली. तिच्यामागे बाबू गप झाला, बाबूमागे बाकीचे. कुणाला आपल्या नावाची कोटी नको होती. मी आयुष्यभर लोकांना हसवून जागा मिळवली. तुझ्या शेजारची जागासुद्धा तशीच मिळवली. तू काही बनवायचास, मी त्याच्यावर विनोद करायचो, आणि मला वाटायचं आपण दोघं मिळून कारखाना चालवतोय.

खांबावरचा फोटो उतरवला आणि तो घेऊन मी तुझ्या घरी गेलो. तू असतास तर त्यावर लाल चिठ्ठी लावली असतीस, ‘जागा चुकली’ म्हणून. वहिनींनी चहा केला. मी सगळं सांगितलं, नमस्कारासकट. त्यांच्या ओठांच्या कडेला जरासं काहीतरी हललं, तू हसू दाबायचास तसं.

“त्यांना वर कशाला टांगलंत, भावजी?” त्या म्हणाल्या. “ते खाली उभे असायचे ना?”

मी फोटो मांडीवर उतरवून घेतला.

“त्या रविवारी तुमची वाट बघत होते. दुपारी म्हणाले, सर्ज्या आला नाही, म्हणजे अजून विचारलं नाही त्यानं. विचारलं की येईल.”

“रागावला होता?”

“नाही. सफरचंद ठेवायला सांगितलं होतं तुमच्यासाठी.” मग कप उचलताना म्हणाल्या, “हा फोटो तुमच्याकडंच राहू दे. हार मात्र घालू नका.”

तर तो आता माझ्या घरी आहे, टीव्हीशेजारी, बिनहाराचा. तू जरा तिरका बसलायस. सरळ करतो, परत तिरका होतो.

कारखान्यात फोटो गेला, उदबत्ती गेली, घंटा घासूनपुसून उघडी झाली, आणि कुणी तिच्याकडं फिरकेना. सकाळच्या मीटिंगमध्ये मी शोभाची माफी मागितली, सगळ्यांसमोर, एकही विनोद न करता. बाबूनं शेजारच्याला हळूच विचारलं, “सायबाला बरं न्हाई काय?” मी चाकाची खुर्ची स्टोअरमध्ये ठेवली आणि हिंडायला लागलो. पाय दुखतात, तुझे कधी दुखले नाहीत का रे? घंटा गपच. पूर्वी ज्या शांततेचे मी पेढे वाटले तिची आता मला धडकी भरायला लागली. तुझी आत्ती गप बसलेली असताना पाणी कुठल्या पायरीवर असेल, हे बघत मी मशिनीमशिनींतनं फिरत होतो.

आज वाजली.

मी स्टोअरच्या टोकाला होतो. पळत सुटणार होतो, मग चालायला लागलो. त्या सबंध वाटेत, मिल्या, जिभेवर एक कोटी तयार झाली. चांगली होती. चष्म्यावरचीच होती, आधीच्यापेक्षा सरस. सगळी माणसं हातातलं थांबवून माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मला कळत होतं ती कशाची वाट बघतायत. शोभाचा हात साखळीवर तसाच.

“बरं केलंस,” मी म्हणालो. “काय दिसलं?”

तिनं साखळी सोडली नाही. “दात खाऊन म्हणालासा. परत म्हणा.”

कुणी हसलं नाही. “बरं केलंस, शोभा. काय दिसलं?”

“हितं बघा,” ती म्हणाली, आणि हौसिंग उजेडाकडं वळवलं. “चीर हाय का रेघ, मला कळंना.”

मला कुठं कळत होतं? मी खिसे चाचपले, माझा चष्मा केबिनमध्ये राहिलेला. तिनं आपला काढून दिला. तिचा चष्मा लावून मी वाकलो, ती शेजारी वाकली, बाबूनं बॅटरी धरली. वाळूची रेघ होती. मी तिसऱ्यांदा बरं केलंस म्हणालो, आणि ह्या वेळी ते आपसूक आलं, कारण खाली वाकल्यावर काय बोलायचं ते सुचतच नव्हतं दुसरं.

तर उत्तर घेऊन आलोय, उशिरा. शेवटची घंटा कुणी वाजवली? शोभानं. आज, चहाच्या आधी. चीर नव्हती. मी काय म्हणालो तेही सांगितलं.

उद्याचं मला माहीत नाही. पण तू विचार. रोज विचार, टीव्हीशेजारून, तिरका बसून. मी विचारून येत जाईन.

तुझा,
सर्ज्या